रिकाम्या हातानं न घ्यायचं नाव

औसंगाते झाला, साल्कांताय झाला, पाचातुसान झाला, आणि मग नाझारियाच्या जिभेवर काहीच आलं नाही. सकाळचे साडेसहा वाजलेले, कुस्कोमधली ती बोळवजा गल्ली, मागे टॅक्सीवाल्यांचे भोंगे सुरू, कोपऱ्यावरची पोलीसबाई शिट्टी फुंकून फुंकून लाल झालेली, आणि गाडीच्या दाराशी अकरा परदेशी माणसं कोकाची तीन-तीन पानं चिमटीत धरून, प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळकरी पोरांसारखी हिच्या तोंडाकडे बघत उभी. अठ्ठावीस वर्षं ही बाई गटामागून गट घेऊन जुन्या देवस्थानांना हिंडतेय. रोज सकाळी निघण्याआधी पानांवर फुंकर घालायची हा तिचा नेम. पहिली जुडी मोठ्या डोंगरांसाठी. त्यांची नावं मोठ्यानं, पाहुण्यांना ऐकू जातील अशी. दुसरी जुडी आपल्या घरच्या टेकडीसाठी. तिचं नाव ओठांतल्या ओठांत. इतक्या वर्षांत त्या नावासाठी तिला कधी थांबावं लागलं नव्हतं, श्वास यावा तसं ते यायचं. आज दुसरी जुडी तिनं ओठांशी नेली, फुंकर तयार होती, आणि नावाच्या जागी नुसता खड्डा. दात पडल्यावर जीभ सारखी तिथंच जाते ना, तशी तिची जीभ तिथं गेली आणि काही न घेता परत आली. पुन्हा शिट्टी वाजली. अकराही जण अजून बघतच होते. "औसंगाते," ती पुटपुटली. एकदा घेतलेलंच नाव पुन्हा घेतलं, फुंकर मात्र घातली नाही, आणि "चला, चला, बसा बघू, नाहीतर ती बाई मलाच आत टाकेल," म्हणत सगळ्यांना गाडीत कोंबलं. सगळे हसले. हातातली पानं तिनं खिशात टाकली नाहीत, जमिनीवरही सोडली नाहीत. एकासाठी वेचलेली पानं दुसऱ्याला देत नाहीत. तिनं ती हॅटच्या पट्टीत खोचली आणि ड्रायव्हरशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसली.

"काय कोमाद्रे, देव आज जास्त भुकेले होते की काय? एवढा वेळ!" गल्लीतून गाडी काढता काढता एपिफानियो म्हणाला. बावीस वर्षं तोच तिची गाडी चालवत होता. त्याच्या लेकीच्या, येनीच्या जावळाची पहिली बट नाझारियानं कापली होती, आणि बट कापणारं माणूस मुलीच्या आईबापांचं जन्माचं नातेवाईक होऊन बसतं. तेव्हापासून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. एकमेकांची कितीही खेचली तरी अहो-जाहो सुटायचं नाही. "तुम्ही पुढं बघा आणि गाडी चालवा," ती म्हणाली. "बघतोच आहे. मी पुढं बघतो म्हणून तर तुम्हाला मागं तोंड करून भाषण ठोकता येतं." एरवी तिनं याला चांगलं सणसणीत उत्तर दिलं असतं. आज तिनं माइक हातात घेतला, मागं वळली, आणि तेच ते अठ्ठावीस वर्षांचं सुप्रभात म्हणाली. तोंड बोलत होतं. आत एक दुसरी बाई डबे उघडून उघडून बघत होती, या डब्यात असेल, त्या डब्यात असेल, काल तर इथंच ठेवलं होतं.

टेकडी काही ती विसरली नव्हती. हेच तर विचित्र. टेकडी तिला अशी दिसत होती की तिच्यावरच्या शेळीवाटासुद्धा मोजून दाखवाव्यात. घराच्या दारात उभं राहिलं की डाव्या हाताला, कुडाच्या पलीकडे, तांबूस मातीची, बुटकी, माथ्यावर एक सपाट दगड. मोठ्या डोंगरांपुढं तिला कोण विचारतो? नकाशात नाही, कागदावर नाही. वडील तिच्या नावावरून काहीतरी थट्टा करायचे आणि करून झाल्यावर स्वतःच खोकला लागेपर्यंत हसायचे. ते हसणं आठवत होतं, खोकला आठवत होता, थट्टा मात्र नाही. आणि ती गारांची दुपार तर काल झाल्यासारखी. ती सात-आठ वर्षांची असेल. मेंढ्या घेऊन वर गेलेली. एकाएकी आभाळ काळंठिक्कर झालं आणि बोराएवढ्या गारा सुरू झाल्या. शेजारच्यांची दोन लामा जनावरं तिच्या डोळ्यांदेखत विजेनं जागच्या जागी गेली. ती रडत, धडपडत पळाली आणि सपाट दगडाखालच्या कपारीत घुसली. कपार अशी होती, की आत एक लहान मूल आणि दोन मेंढ्या मावतील, तिसरी मावायची नाही. तिथं बसून तिनं मेंढीच्या ओल्या लोकरीत तोंड खुपसलं होतं, तो वास या गाडीतल्या डिझेलच्या वासातूनसुद्धा आता येत होता. दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन वर गेली, तीन पानं तिच्या चिमटीत दिली आणि म्हणाली, "हिनं तुला सांभाळलं. आता तू हिला सांभाळ." एवढ्याशा पोरीनं अख्खी टेकडी कशी सांभाळायची? "नाव घेत राहायचं. आणखी काय लागतं तिला?" पण तेही पानं हातात असतील तेव्हाच. औसंगाते सगळ्यांचा, त्याचं नाव बिअरच्या जाहिरातीवर आणि बसच्या पाठीवरही असतं, त्याला त्याचं काही वाटत नाही. घरची टेकडी मात्र घरची. तिचं नाव रिकाम्या हातानं घेतलं तर तिला वाटतं, बोलावलं आणि खायला काही नाही. एकदा नाझारियानं खेळता खेळता ते नाव ओरडून प्रतिध्वनी काढला होता, आणि आईनं अशी थोबाडीत दिली होती की कानात बराच वेळ पाणी वाहत असल्यासारखं वाटत राहिलं.

पाणी तांबोमाचायलाही वाहत होतं, दगडी कोनाड्यांखालून, कोण जाणे किती शतकं एकाच धारेनं. पाहुणे त्यात बोटं बुडवत होते, कुणी डोळे मिटून उभे होते. "हे पाणी कुठून येतं हे अजून कुणाला नेमकं सापडलेलं नाही," नाझारिया नेहमीसारखी म्हणाली आणि नेहमीसारखी थोडी थांबली, कारण इथं थांबलं की माणसांच्या अंगावर काटा येतो. आज काटा तिच्याच अंगावर आला. गटात हान्नेके नावाची एक उंच डच बाई होती, साठीच्या पुढची, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, आणि दिसेल ते वहीत टिपून घेणारी. ती जवळ आली. "सकाळी तुम्ही दोन जुड्या घेतल्या होत्या. दुसरीवर फुंकर घातली नाहीत. ती हॅटमध्ये का?" आता हिला काय सांगायचं? अठ्ठावीस वर्षांत हजारो लोकांनी हजार प्रश्न विचारले, पण पानं मोजणारी बाई नेमकी आजच यावी! "ती राखून ठेवली आहेत," नाझारिया म्हणाली. खोटं नव्हतं. हान्नेकेनं तेही टिपून घेतलं.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी विळा कुठं ठेवला, मग दार लावलं का, मग शेजारणीचं नाव. शेवटची चार वर्षं नाझारियानं तिला गावाहून कुस्कोला आणलं होतं, आपल्या दोन खोल्यांच्या घरात. एका सकाळी आईनं तिच्या हातून सूप घेतलं आणि अगदी अदबीनं म्हणाली, "उपकार झाले, बाईसाहेब. आपण कुठल्या?" नाझारिया मोरीत जाऊन रडली होती, नळ सोडून, म्हणजे आवाज जायला नको. तरी हातात पानं दिली की आई ती बरोबर धरायची, हिरवी बाजू वर, देठ आपल्याकडे, आणि टेकडीचं नाव घ्यायची, शेवटचं अक्षर जरा लांबवून, जसं फक्त त्यांच्या घरात म्हणत. पोटची मुलगी विसरली, टेकडी विसरली नाही. तेव्हा नाझारियाला याचं जरा वाईटही वाटलं होतं, लपवायचं कशाला. आणि आता? आता तिला सगळं आठवत होतं, आईच्या सुपातल्या ओल्या वालाचे दाणेसुद्धा, आणि जे आईनं मरेपर्यंत धरून ठेवलं तेवढंच नेमकं हिच्या हातून निसटलं होतं. हे काय म्हणायचं? आईची सुरुवात जिथं झाली त्याच्या उलट्या टोकापासून हिची होणार होती का? ती सत्तावन्नची होती. दौरे काढणारी तरुण मालकीण हल्ली बोलता बोलता म्हणू लागलीच होती, "तुम्ही आता थोडी विश्रांती घ्यायला हवी." विश्रांती! पण खरं सांगायचं तर नोकरीची भीती मागं कुठंतरी उभी होती. पुढं उभी होती ती टेकडी, डाव्या हाताला, कुडाच्या पलीकडे, आणि तिला आता हाक मारणारं कुणी नव्हतं. गावात धाकटा काका शेवटचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. शाळा बंद पडली, घरांची छपरं बसली. फोन करून विचारावं असा एक माणूस जगात उरला नव्हता. कुठं लिहून ठेवलेलं असण्याचाही प्रश्न नव्हता, असलं नाव कोण लिहितं? म्हणजे ते तिच्या एका डोक्यात होतं तोवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओयान्तायताम्बोच्या पायऱ्यांशी तिनं मुद्दाम विचार न करता फुंकर घालून बघितली, जिना उतरताना पायांकडे बघितलं नाही की पाय बरोबर पडतात, तसं. पहिली जुडी नीट झाली. दुसरीला पुन्हा खड्डा. आणखी तीन पानं हॅटमध्ये गेली. पाहुणे वर चढून गेले, ती मागून गेली, सहा मोठ्या दगडांसमोर उभं राहून जे बोलायचं ते बोलली, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हे दगड नदीपलीकडच्या खाणीतून कसे ओढून आणले ते तिला तंतोतंत पाठ आहे, मापांसकट. परक्यांना सांगायचं ते सगळं जागेवर होतं. तिला स्वतःचाच राग आला.

दुपारी एपिफानियो गाडीच्या सावलीत बसून उकडलेलं कणीस आणि चीज खात होता. ती शेजारी बसली. त्यानं दुसरं कणीस तिच्या हातात दिलं. थोडा वेळ दोघं दाणे सोलत राहिले. मग तिनं खडा टाकून बघितला. "कोम्पाद्रे, त्या घाटात गाडी घसरली होती, आठवतं? तेव्हा मी काय ओरडले हो?" एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मालागाच्या घाटात दाट धुकं, रस्त्यावर बर्फाचा चिखल, ब्रेक लागेनात. गाडी आडवी होऊन कड्याकडे सरकत गेली, मागची माणसं आपापल्या भाषेत देवाला बोलवू लागली, आणि नाझारियानं गळ्यातली कोकाची पिशवी मुठीत आवळून घरच्या टेकडीला हाक मारली. ना औसंगातेला, ना माउली मरियमेला. चाक एका दगडाला अडलं, गाडी थांबली. खाली बघवत नव्हतं इतकं खोल. तेव्हापासून एपिफानियोला थट्टेला कायमचा विषय मिळाला. आताही त्यानं तोंडातला घास गिळला आणि डोळे बारीक केले. "तुम्ही काय ओरडलात? एवढे मोठाले डोंगर हात जोडून उभे होते, 'आम्हाला बोलवा, आम्हाला बोलवा' म्हणत, आणि बाईंनी हाक मारली कुणाला, तर बटाट्याच्या ढिगाला!" "ढिगाला नाव असेल ना काही?" तिनं शक्य तितक्या सहज विचारलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, हातातल्या कणसाकडे बघितलं. "बटाट्याचा ढीग," तो म्हणाला, "आम्हा गरिबांना तेवढंच ठाऊक," आणि पुन्हा दाणे सोलू लागला. तिच्या मनात त्याच्याविषयी एकदम अढी आली. एकोणीस वर्षं ज्या गोष्टीवर हसला, तिचं साधं नाव याला लक्षात ठेवता आलं नाही. सरळ विचारावं की काय? "कोम्पाद्रे, मी नाव विसरले." चार शब्द. पण ते चार शब्द एकदा तोंडाबाहेर पडले की खरे होणार. शिवाय हा माणूस, याच्या जिभेला हाड नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांना कळणार, कोमाद्रेचा ढीग हरवला. तिनं कणीस अर्धवट टाकलं आणि पाहुण्यांना हाक मारली.

त्या दिवशी शेवटचं ठिकाण न्याउपाची गुहा. चढ बिकट, खाली रेल्वेचे रूळ, वर कड्याच्या पोटात काळ्या दगडात कोरलेलं एक दार, जे कुठंच उघडत नाही. मागं भिंतच. पाहुणे त्या दारासमोर मांडी घालून डोळे मिटून बसले, आणि नाझारिया गुहेच्या तोंडाशी दगडाला पाठ टेकून बसली. गार दगड खांद्यांना लागला आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं आलं. ओल्या लोकरीचा वास आला, गारांचा आवाज आला, नावाचं पहिलं अक्षर घशापर्यंत आलं आणि तिथंच विरघळलं. तिनं डोळे मिटूनच घेतले. विचार करायचं सोडून दिलं. मग नावाऐवजी माणसं येऊ लागली. नऊ वर्षांची असताना तिला कुस्कोत ठेवून घेणारी मावशी, जी बाजारात सूप विकायची आणि स्वतः वरचं पातळ पाणी पिऊन हिला तळाचं घट्ट द्यायची. ज्या जर्मन म्हातारीकडे ती झाडू-पोछा करायची आणि जिनं तिला फरशी पुसता पुसता दोन भाषा शिकवल्या, ती म्हातारी. पिसाकच्या अवशेषांवरचा राखणदार, ज्यानं गाइडच्या परीक्षेआधी महिनाभर तिला एकेक भिंत हात लावून ओळखायला शिकवली आणि बदल्यात फक्त हिच्या हातचे सुकवलेल्या बटाट्यांचे दोन डबे खाल्ले. एवढ्या लोकांनी दिलं. कपारीतून सुरू झालेलं हे सगळं, लोकांनी हातोहात पुढं दिलेलं. आपण त्यांना एकदा तरी नीट म्हणालो का, की तुमच्यामुळे? मावशीला नाही. राखणदाराला नाही. ती टेकडीला म्हणायची, रोज, आणि तिला वाटायचं त्यात सगळे आले. आता टेकडीचाच दोर तुटला तर ही सगळी माणसं कुठं जाणार? गाल ओले झालेले तिला कळले, तेव्हा हान्नेके समोर उभी होती. वही बंद होती. ती शेजारी बसली आणि गुडघ्यांचे पट्टे सैल करत राहिली.

तिसऱ्या सकाळी मोरायच्या खळग्याच्या काठावर, खाली गोल गोल उतरत जाणाऱ्या शेतांच्या पायऱ्या, आणि नाझारियानं दुसरी जुडी हातात घेतली. ती ओठांशी नेली, थोडा वेळ धरली, आणि मग खाली घेतली. "एक सांगायचं आहे," ती गटाला म्हणाली. आपला आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "ही पानं माझ्या घरच्या टेकडीची. तिचं नाव मी विसरले आहे. तीन दिवस झाले. म्हणून ती हॅटमध्ये आहेत." वारा होता. एका तरुणानं हळूच विचारलं, इंटरनेटवर शोधून बघितलं का, आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. नाझारियाला हसू आलं. हसू आलं याचंच तिला नवल वाटलं. आभाळ कोसळलं नव्हतं. चार शब्द बाहेर पडले होते आणि ती उभी होती. मग हान्नेके म्हणाली, "आमच्या देशात टेकडीच नाही. सगळं सपाट. तीन दिवस मी या पानांवर फुंकर घालतेय आणि कुणाला घालतेय ते मलाच कळत नाही." "मग नाव कुणाचं घेता?" "आमच्या घराजवळ कालव्यावर एक पूल आहे. नवरा गेला तेव्हा मी रोज त्या पुलापर्यंत सायकलनं जायचे आणि परत यायचे. रोज. त्याचं घेते." ती लाजली. "चालतं का?" "चालतं," नाझारिया म्हणाली, "पूल खूश असेल." आणि तिनं तिसरी जुडी हॅटमध्ये खोचली.

परतीच्या रस्त्याला, शहराची लाल कौलं पहिल्यांदा दिसतात त्या वळणावर, एपिफानियो नेहमी गाडी थांबवायचा. पाहुण्यांना फोटो हवे असायचे. तो स्वतः पाय मोकळे करायला उतरायचा, असं नाझारिया समजून होती, कारण ती कधी उतरायचीच नाही. तो दहा मिनिटांचा वेळ तिचा कागदांचा. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची चप्पल तुटली, कोणत्या दारावर किती थांबावं लागलं, सगळं मालकिणीसाठी लिहून काढायचं. आज कागद मांडीवर घेतला आणि पेन चालेना. गाडीत एकटीला बसवेना. ती उतरली. पाहुणे कठड्याशी घोळका करून उभे होते. एपिफानियो त्यांच्यात नव्हता. ती गाडीला वळसा घालून पुढच्या बाजूला आली आणि थांबली. तो तिच्याकडे पाठ करून उभा होता. टोपी काखेत, डावा तळहात गाडीच्या नाकाडावर, औताच्या बैलाला थोपटताना ठेवावा तसा, आणि उजव्या हाताच्या चिमटीत तीन पानं. तो मोठ्या डोंगरांची नावं भराभर घेत होता, पाठ धडा म्हणावा तशी. मग त्याचा आवाज खाली आला, संथ झाला, आणि त्यानं तिच्या टेकडीचं नाव घेतलं.

शेवटचं अक्षर जरा लांबवून. जसं फक्त त्यांच्या घरात म्हणत.

नाझारियानं गाडीच्या आरशाला धरलं. खड्डा असा भरला, की तिथं कधी काही नव्हतं हेच खरं वाटेना. त्यानं आणखी एक नाव घेतलं, ते तिला ऐकू आलं नाही, कान भरून गेले होते. फुंकर घालून, पानं चाकापाशी ठेवून तो वळला आणि दचकला. "आई ग! घाबरवलंत की हो! काय, कागद संपले?"

"कधीपासून?" ती म्हणाली.

"काय कधीपासून?"

"माझी टेकडी."

त्यानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला. "त्या घाटापासून," तो म्हणाला. "येनी पोटात होती तेव्हा, सातवा महिना. घरी गेलो. बायकोला सांगितलं, आज कुणी धरलं ते. ती म्हणाली, मग तुझं तुला कळायला हवं, रोज नाव घेत जा. घेतो. यात काय एवढं? तुमची टेकडी नसती तर माझ्या पोरीला बाप नसता. जावळाला तुम्हाला का बोलावलं असं वाटतं?"

"मला वाटलं, आहेरात मेंढी चांगली देईन म्हणून."

"मेंढी चांगलीच दिलीत, नाही म्हणत नाही."

"मग एकोणीस वर्षं बटाट्याचा ढीग, बटाट्याचा ढीग करून माझं डोकं का खाल्लंत? काल विचारलं तेव्हासुद्धा!"

"आता कमाल झाली!" एपिफानियो खरोखरच रागावला. "काल रिकाम्या हातानं नाव घेऊ? एका हातात कणीस, एका हातात चीज! इतर वेळी स्टिअरिंग! दुसऱ्याच्या घरची टेकडी आहे, कोमाद्रे, काहीतरी रीतभात असते. तुमच्या आईनं वरून येऊन मला थोबाडीत दिली असती."

नाझारियानं हॅट काढली. पट्टीत नऊ पानं होती, पहिली तीन कडांना वाळून वळलेली. एपिफानियोनं ती बघितली. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. त्याला कळलं ते तिला दिसलं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा या माणसाला थट्टा सुचली नाही. तो नुसता एक पाऊल बाजूला सरला, तिला गाडीच्या नाकाडापाशी जागा करून दिली. तिनं तीन जुड्या केल्या. तीन सकाळी राहिलेलं नाव तीनदा घेतलं, शेवटचं अक्षर लांबवून, आणि प्रत्येक वेळी फुंकर घालताना ती उघड उघड रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि वडिलांची ती थट्टासुद्धा परत आली, ते जे म्हणायचे, की टेकडीच्या नावात जे आहे ते टेकडीवर औषधालाही नाही, आणि मग खोकला. ती रडता रडता हसली. उपकार, ती मनात म्हणाली, मावशीला, राखणदाराला, जर्मन म्हातारीला, आईला, आणि या समोरच्या बडबड्या माणसाला, ज्यानं हे नाव रोज या वळणावर, तिच्यापासून चार हातांवर उभं राहून, तिच्यासाठी नव्हे तर स्वतःच्या कृतज्ञतेपोटी जपलं होतं, आणि ती आत बसून कुणाची चप्पल तुटली ते लिहीत होती. उद्या कदाचित पुन्हा जाईल. आईचं गेलं तसं एकेक सगळंच जाईल. जाईना का. टेकडी आता एकट्या तिच्या डोक्यात राहत नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वीच तिनं दुसरं घर केलं होतं, आणि कदाचित येनीच्या घरात तिसरंही.

कठड्यापाशी हान्नेके शहराकडे बोट दाखवून कुणाला तरी काही सांगत होती. वळणावर मागून एक ट्रक आला आणि भोंगा वाजवून गेला. एपिफानियो किल्ली हातात खेळवत होता. "चला कोमाद्रे, उशीर झाला, पुन्हा ती पोलीसबाई..." आणि तेव्हा नाझारियाला ते दुसरं नाव आठवलं, तिच्या टेकडीनंतर त्यानं घेतलेलं, जे तिला ऐकू आलं नव्हतं. बावीस वर्षं. औसंगाते, साल्कांताय, पाचातुसान, आपली टेकडी. हा माणूस कुठला, याच्या दारातून डाव्या हाताला काय दिसायचं, यानं गारांत कुठं अंग चोरलं होतं, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"कोम्पाद्रे," ती म्हणाली, "तुमची कोणती?"

तो थबकला. किल्ली खिशात ठेवली. गळ्यातली पिशवी सोडवून तिचं तोंड उघडलं आणि तिच्यापुढं धरली.

"आधी पानं घ्या, कोमाद्रे."